व्हॅरम पर्सी: एका बेचिराग गावाच्या शिवारात तीन दिवस

पहिला दिवस: मॉल्टन ते व्हॅरम-ले-स्ट्रीट

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कहून स्कारबराच्या रेल्वेगाडीत बसायचं आणि मॉल्टनला उतरायचं. प्रवास अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा. खरी अडचण पुढच्या दहा किलोमीटरची. व्हॅरमच्या बाजूला जाणाऱ्या बसचा भरवसा धरू नये. टॅक्सी मॉल्टनलाच ठरवावी आणि परतीची वेळही तेव्हाच पक्की करावी, कारण पुढच्या दऱ्यांत फोनला रेंज मिळेलच असं नाही. पाणी, खाणं आणि कागदी नकाशाही इथेच घ्यायचा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर ३०० हा नकाशा कामाचा आहे. त्यात उजाड गावांच्या जागा वेगळ्या गॉथिक अक्षरांत छापलेल्या असतात, आणि त्या ओळखता आल्या की या टापूत किती गावं मेली आहेत हे खोलीत बसूनच कळतं.

आपल्याकडे महसुली दप्तरात अशा गावाला बेचिराग म्हणतात. नाव आहे, शीव आहे, जमिनीचा हिशोब आहे, पण दिवा लावायला माणूस नाही. व्हॅरम पर्सीला याहून नेमका शब्द इंग्रजीतही सापडत नाही.

रस्त्यात नॉर्थ ग्रिमस्टन लागतं. तिथल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं नॉर्मन काळातलं (१०६६ नंतरच्या राजवटीतलं) दगडी कुंड आहे. त्याच्या गोल अंगावर येशूचं शेवटचं भोजन कोरलेलं आहे, सगळे शिष्य मेजामागे एका रांगेत. कोरीव काम ओबडधोबड आहे, पण समोरून हलवत नाही. पंधरा मिनिटं त्यासाठी काढावीत. त्यानंतर रस्ता एकदम वर चढतो आणि यॉर्कशर वोल्ड्सचा पठारी भाग सुरू होतो.

इथली जमीन खडूची. खडू पाणी धरत नाही, पाऊस पडला की सरळ खाली झिरपतो. म्हणून वोल्ड्सच्या दऱ्या खोल आणि सुंदर असल्या तरी बहुतेक कोरड्या आहेत. माथ्यावर विहीर खणायची तर फार खोल जावं लागतं, त्यामुळे जुन्या गावांनी गुरांसाठी तळी बांधून घेतली किंवा झरा फुटतो तिथेच वस्ती केली. व्हॅरम पर्सी दुसऱ्या प्रकारातलं. गाव तिथेच का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर एवढ्यात येतं.

संध्याकाळी व्हॅरम-ले-स्ट्रीट. हे जिवंत जुळं गाव, तेही मूठभर घरांचं. इथल्या सेंट मेरी चर्चचा मनोरा अकराव्या-बाराव्या शतकाच्या सांध्यावरचा, अर्धा सॅक्सन (नॉर्मनांच्या आधीच्या) आणि अर्धा नॉर्मन वळणाचा. त्याच्या पश्चिम दाराची घडण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या सेंट रूल मनोऱ्याशी जुळते, म्हणून स्थापत्याचे अभ्यासक एवढ्याशा गावात वाट वाकडी करून येतात. मुक्कामाची सोय मात्र मॉल्टनला किंवा आसपासच्या शेतघरांत आधीच पाहून ठेवावी. ऐनवेळी काही मिळत नाही.

दुसरा दिवस: गावठाणात

आजचा सगळा दिवस एका कुरणात जाणार आहे, त्यामुळे वेळ नीट निवडावी. पहिल्यांदा येणारे बहुतेक जण इथेच चुकतात. उन्हाळ्यात भर दुपारी येतात, समोर हिरवा उतार आणि मोडकं चर्च दिसतं, अर्ध्या तासात फोटो काढून परत फिरतात. गाव त्यांच्या पायाखाली असतं आणि ते दिसत नाही. घरांचे बांध जेमतेम घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उंच आहेत. सूर्य डोक्यावर असला की त्यांना सावलीच पडत नाही. जूनमध्ये रात्री आठनंतरचं तिरकं ऊन हवं किंवा पहाटेचं. हिवाळ्यात उलट सोय आहे: ५४ अंश अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारी सूर्य जेमतेम बारा-तेरा अंश वर येतो, त्यामुळे बारा वाजताही प्रत्येक बांध उठून दिसतो, शिवाय गवत बसलेलं असतं. पातळ बर्फ पडलेला असेल तर उत्तम.

जागा जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या ताब्यात आहे. तिकीट नाही, दरवाजा नाही, शौचालयही नाही. वाहनतळापासून पायवाट सुमारे सव्वा किलोमीटर. आधी तीव्र उतार, तळाशी ओढा, मग चढ. ओल्यात हा उतार निसरडा होतो, साधे बूट पुरत नाहीत. कुरणात गुरं सोडलेली असतात. वासरं आणि गाय यांच्यामधून जाऊ नये, वळसा घालावा.

पायवाट चर्चपाशी पोचते, पण चर्च मागे ठेवून आधी वर पठारावर चढावं. गाव वर होतं, चर्च आणि तळं खालच्या पायरीवर. वर आलं की एक रुंद खोलगट पट्टा दिसतो. ही गावची वाट. शेकडो वर्षं माणसं, गुरं आणि गाड्या जाऊन ती दबली आहे, आपल्याकडची पाणंद दोन्ही बाजूंच्या बांधांमध्ये खाली जाते तशी. वाटेच्या कडेने एकाला एक लागून चौकोन आहेत. प्रत्येक चौकोनाच्या पुढच्या भागात घर आणि त्यामागे लांबट परस. सगळे परस जवळजवळ एका मापाचे, एका ओळीत. एवढी शिस्त आपोआप वाढलेल्या गावात येत नाही, कोणीतरी दोरी धरून आखणी केलेली असणार. आखणीचा काळ साधारण दहाव्या ते बाराव्या शतकातला मानतात. त्याआधी इथे लोहयुगातल्या आणि रोमन काळातल्या सुट्या शेतवस्त्या होत्या, आणि मजा अशी की मध्ययुगीन गावाचे काही बांध त्या जुन्या शेतांच्या हद्दींवरच बसले आहेत. हद्द माणसापेक्षा चिवट असते, हे कुठल्याही तलाठ्याला विचारा.

आपल्याकडे वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. इथे सशांनी उकरलेल्या बिळापाशी वाकून पाहिलं तर पांढरी हा शब्द अक्षरशः खरा होतो. वर बोटभर काळपट माती, खाली फक्त खडूचे तुकडे. एखादा तुकडा हातात घ्यावा. पांढरा, हलका, बोटांना पीठ लागतं. गावातल्या घरांचं जोतं याच दगडाचं होतं. खडू पाणी पितो, थंडीत ते पाणी गोठतं, फुगतं, आणि दगड फुटतो. छप्पर गेलं की अशी भिंत काही हिवाळ्यांत भुसभुशीत होऊन पडते. गावात उभी भिंत का नाही याचं कारण हे.

एका घराचा आराखडा जमिनीवर आखून ठेवलेला आहे, तिथे थांबावं. घर लांबट, मधोमध समोरासमोर दोन दारं आणि त्यांना जोडणारा बोळ. बोळाच्या एका बाजूला माणसं, चूल जमिनीच्या मध्यभागी, दुसऱ्या टोकाला गुरं. गोठा आणि घर एकाच आढ्याखाली. कोकणातल्या किंवा घाटावरच्या जुन्या घरात वाढलेल्याला यात नवल वाटणार नाही.

या घरांबद्दल तज्ज्ञांनी आधी काय मानलं आणि नंतर ते कसं बदललं, हा इथला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे. लीड्स विद्यापीठातले आर्थिक इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड १९४८ मध्ये इथे पहिल्यांदा आले. मध्ययुगाच्या अखेरीस इंग्लंडमधली गावं उजाड झाली हेच तेव्हा बऱ्याच इतिहासकारांना मान्य नव्हतं. बेरेसफर्डनी १९५० मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन भिंतीच्या कडेकडेने चर खणले. या पद्धतीत भिंत सापडते, पण भिंतीचा बाकीच्याशी संबंध कापला जातो: जमीन कुठली, दुरुस्ती कुठली, आधीचं काय आणि नंतरचं काय, हे चराच्या बाहेर राहतं. मग मध्ययुगीन भांड्यांचे जाणकार जॉन हर्स्ट आले आणि त्यांनी डेन्मार्कमध्ये आक्सेल स्टीन्सबर्ग वापरत असलेली पद्धत आणली. संपूर्ण घराची हिरवळ एकदम काढायची, मध्ये न खणलेल्या मातीच्या भिंती राखायच्या नाहीत, आणि हलक्या हाताने थर उतरवत प्रत्येक दगडाची आणि प्रत्येक खापराची जागा नकाशावर मांडायची. काम संथ चालतं. खोदाई दर जुलैत तीन आठवडे, बहुतेक स्वयंसेवकांच्या हातांनी, १९९० पर्यंत चालली. चाळीस उन्हाळे.

पहिल्याच मोठ्या घराखाली अनपेक्षित गोष्ट निघाली: बाराव्या शतकातल्या जमीनदाराच्या वाड्याचं दगडी तळघर. वाडा मोडला, तळघर बुजवलं आणि वर शेतकऱ्यांची घरं उभी राहिली. गावात तेव्हा दोन मालक होते, पर्सी आणि चेंबरलेन. १२५४ मध्ये चेंबरलेनांचा वाटा पर्सींकडे आला, मग दोन वाड्यांची गरज उरली नाही.

आता चुकीच्या निष्कर्षाकडे. एकाच घराच्या जागी भिंतींच्या पायाच्या कितीतरी ओळी सापडल्या, एकीवर एक, थोड्या तिरप्या सरकलेल्या. त्यावरून अनेक वर्षं असं लिहिलं गेलं की ही घरं कच्ची झोपडी होती, दर पिढीला पडायची आणि नवी बांधावी लागायची. गरिबीचं हे चित्र सगळ्यांना पटलंही. पुढे पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट रॅथमेल यांनी तोच पुरावा पुन्हा तपासला आणि वेगळा अर्थ लावला. घराचं वजन भिंतींवर नव्हतंच. बुंध्यापासून वाकलेली झाडं मधोमध चिरून त्यांच्या जोड्या उलट्या व्हीसारख्या उभ्या करायच्या आणि वर आढं ठेवायचं. दोन जोड्यांमधली जागा म्हणजे एक खण. आपण तीन खणी, पाच खणी घर म्हणतो तोच हिशोब. छप्पर या लाकडांनी पेललेलं असल्यामुळे भिंत नुसती आडोशाची. ती खडूची, थंडीने फुटायची, आणि छपराला हात न लावता एकेक बाजू बदलता यायची. म्हणजे पुनःपुन्हा बांधलं गेलं ते घर नव्हे, भिंत. लाकडी सांगाडा पिढ्यानपिढ्या टिकलेला असू शकतो, आणि असं घर उभं करायला सुतार लागतो, पैसा लागतो. ही कफल्लकांची वस्ती नव्हती.

आणखी एक बारकावा. घरांच्या आतल्या जमिनी मधोमध खोलगट मिळाल्या, कारण रोज झाडून झाडून त्या झिजल्या होत्या. आपल्याकडे शेणाने सारवून जमीन थराथराने वर चढते, इथे ती खाली गेली. त्यामुळे घरात वस्तू फारशा सापडल्या नाहीत. खापरं आणि हाडं उकिरड्यावर गेली आणि तिथून शेणखताबरोबर शेतात. घर रिकामं सापडलं म्हणजे घरात काही नव्हतं असं समजणं ही नवख्या खोदणाऱ्याची नेहमीची चूक.

दुपारनंतर खाली चर्चकडे. सेंट मार्टिन चर्चला छप्पर नाही, आणि पश्चिमेकडचा मनोरा १९५९ मध्ये अर्धा कोसळला, त्यामुळे तो उभा चिरल्यासारखा दिसतो. आत शिरण्याआधी बाहेरून लांब भिंत नीट बघावी. तिच्यात मोठ्या कमानी दिसतील, दगडांनी बुजवलेल्या, आणि बुजवलेल्या भागात नंतर बसवलेल्या खिडक्या. या कमानींपलीकडे पूर्वी चर्चची बाजूची दालनं होती. खोदाईतून क्रम लागला तो असा: आधी लाकडी चर्च, मग सॅक्सन काळातलं छोटं दगडी, बाराव्या शतकात मोठं, शतकाच्या शेवटी दक्षिणेचं दालन, तेराव्यात उत्तरेचं. मग उलटा प्रवास. दोन्ही दालनं पाडून कमानी बुजवल्या आणि पुढे वेदीकडचा भागही आखूड केला. गावाच्या चढउताराचा आलेख म्हणून हे चर्च नेहमी दाखवलं जातं. तो अर्थ ढोबळपणे बरोबर असला तरी थोडी सावधगिरी हवी, कारण हे चर्च एकट्या व्हॅरम पर्सीचं नव्हतं. थिक्सेनडेल, बर्डेल, रेझथॉर्प आणि टाउथॉर्प ही गावंही याच पॅरिशमधली, म्हणजे याच चर्चच्या हद्दीतली. गाव संपल्यावरही चर्च साडेचारशे वर्षं चाललं ते यामुळेच. शेवटची प्रार्थना १९४९ मधली.

चर्चच्या आवारातून सुमारे ६८७ सांगाडे निघाले, आणि इंग्लंडमधल्या खेड्यातल्या मध्ययुगीन माणसाबद्दल आज जे ठामपणे सांगता येतं त्यातलं बरंचसं या हाडांवर उभं आहे. चौदा वर्षांच्या मुलांची उंची आजच्या दहा वर्षांच्या मुलांइतकी. हाडांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून कळतं की आया बाळाला साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत. क्षयाच्या खुणा आहेत. एका माणसाच्या कवटीवर जबर घाव बसला होता, फुटलेलं हाड उचलून काढलेलं आहे आणि कडा भरून आल्या आहेत, म्हणजे तो ही शस्त्रक्रिया सोसून जगला.

चर्चच्या आवाराबाहेर, घरांच्या वस्तीत सापडलेल्या खड्ड्यांतली हाडं वेगळीच निघाली. १३७ तुकडे, किमान दहा माणसांचे, अकराव्या ते चौदाव्या शतकांतले. मेल्यानंतर सुरीने कापलेले, मोडलेले, काही जाळलेले. २०१७ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसं खाल्ली असती तर सुरीच्या खुणा सांध्यांपाशी आणि स्नायू चिकटतात तिथे हव्या होत्या. त्या डोकं आणि मान यांच्याकडे जास्त आहेत. परके लोक म्हणून हा प्रकार झाला असावा तर दातांतलं स्ट्रॉन्शियम, म्हणजे माणूस लहानपणी कुठे वाढला याची खूण ठेवणारं मूलद्रव्य, सांगतं की माणसं इथलीच. मग उरते ती भीती: मेलेला उठून येईल, गावात फिरेल, रोग आणेल. तेव्हाच्या इंग्लंडमधल्या लेखनात अशा प्रेतांचा बंदोबस्त नेमका असाच सांगितला आहे, डोकं तोडा, जाळा. अभ्यासकांनीही हा अर्थ सर्वात जुळणारा म्हणूनच मांडला आहे, सिद्ध म्हणून नाही.

चर्चच्या दक्षिणेला तळं. मातीचा बांध घालून झऱ्याचं पाणी अडवलेलं. आधी इथे पाणचक्की होती, सॅक्सन काळापासूनची, नंतर बांध वाढवून माशांचं तळं केलं, गाव उठल्यावर मेंढ्यांना पाणी. बांधावर बसून जेवावं. दिवसभरात वारा लागत नाही अशी जागा हीच.

आणि गाव उठलं कसं? वाहनतळापाशीच लोक एकमेकांना सांगत असतात: प्लेगने. सोपं उत्तर आहे आणि चूक आहे. १३४९ ची साथ इथे आली, गावाचा मालकही त्या वर्षी गेला, पण १३६८ मध्ये सुमारे ३० घरं नांदती होती. १४५८ पर्यंत ती १६ वर आली. मधल्या काळात जमीन कसायला माणसंच कमी उरली होती, मजुरी वाढली होती, आणि चांगल्या जमिनीचं दुसरं गाव बोलावत होतं, मग लोक एकेक करून निघून गेले. पर्सींनी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला गाव हिल्टन घराण्याला दिलं. लोकरीला भाव होता. धान्याला दहा माणसं लागतात तिथे मेंढ्यांना एक धनगर आणि एक कुत्रा पुरतो. १५०० च्या आसपास उरलेल्या घरांना उठवलं. १५१७ मध्ये सरकारने अशा गावबुडीची चौकशी केली, तिच्या कागदात व्हॅरमबद्दल नोंद आहे: चार नांगर बंद केले, चार घरं पडू दिली.

चार घरं. कागदावर गावाचा शेवट एवढाच.

तिसरा दिवस: थिक्सेनडेलची वाट

वोल्ड्स वे ही ७९ मैलांची पायवाट याच कुरणातून जाते. तिच्यावरून दक्षिणेला थिक्सेनडेल साधारण सहा किलोमीटर, रमतगमत दोन तास. सुरुवातीला डीप डेलच्या काठाने चढ आहे. वर आलं की मागे वळून पाहावं, व्हॅरमचा आराखडा इथून एकसंध दिसतो. चुकण्याची जागा माथ्यावर: शेतांच्या मधून ट्रॅक्टरच्या वाटा फुटतात आणि त्या पायवाटेपेक्षा ठळक असतात. एकोर्नची (ओक झाडाच्या फळाची) खूण असलेले खांब धरून चालावं. फोनवरचा नकाशा शेतघरांच्या खासगी वाटा सुचवतो, त्याचं ऐकू नये.

थिक्सेनडेल दऱ्यांच्या तळाशी आहे, एका रस्त्याचं गाव. इथल्या सेंट मेरी चर्चमुळेच सेंट मार्टिन ओस पडायला सुरुवात झाली. १८७० पर्यंत थिक्सेनडेलच्या लोकांना लग्नाला, बाप्तिस्म्याला, मर्तिकाला ती सगळी वाट तुडवून व्हॅरमला जावं लागे. आज सकाळी आपण चाललो ती वाट शवपेटी खांद्यावर घेऊन, जानेवारीत, अशी डोळ्यांसमोर आणून बघावी. या भागातले मोठे जमीनदार सर टॅटन साइक्स यांनी जॉर्ज एडमंड स्ट्रीट या नामांकित वास्तुविशारदाकडून इथे चर्च बांधून घेतलं आणि जुन्या चर्चची गर्दी संपली.

परतीला बर्डेलवरून यावं. मॉल्टन–ड्रिफील्ड रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली तेव्हा खडूच्या डोंगरातून इथे दीड किलोमीटरहून लांब बोगदा काढला होता. प्रवासी गाड्या १९५० मध्ये थांबल्या, मालगाड्या १९५८ मध्ये. बोगदा बंद आहे आणि आत पडझड झालेली आहे, तोंडाशी जाण्याचा मोह टाळावा. याच लोहमार्गाची उरलेली पट्टी काल व्हॅरमला जाताना ओढ्यापाशी ओलांडली होती, बहुतेकांच्या ती लक्षात येत नाही. व्हॅरम स्टेशनपाशी खडूची खाण होती, तिचा काही भाग आता वन्यफुलांसाठी राखून ठेवला आहे. जून-जुलैत ऑर्किड फुलतात.

बर्डेल, रेझथॉर्प, टाउथॉर्प या तिन्ही ठिकाणी आज शेतघरांपलीकडे काही नाही. टाउथॉर्पला संध्याकाळी पोचता आलं तर रस्त्यावरूनच कुरणाकडे बघावं. मधली खोलगट पट्टी ही पाणंद, दोन्ही बाजूंचे चौकोन ही घरं, मागचे लांब पट्टे परस. इथे माहितीचा फलक नाही. कुरण खासगी आहे, कुंपणाच्या आत जायचं नाही.